मयताच्या खिशातलं तिकीट

१९८४च्या पावसाळ्यात आमच्या गिरगावातल्या चाळीत एक माणूस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडून गेला आणि त्यातून मी रहस्यकथा लिहायला लागलो. हे असं सरळ लिहिताना आजही अवघडल्यासारखं होतं. पण "सुरुवात कशी झाली?" असं कुणी विचारलं तर दुसरं काय सांगणार? लहानपणापासून लिहायचे डोहाळे वगैरे मला कधी लागले नव्हते. वाचायचं वेड मात्र होतं. नाक्यावरच्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक रोजच्या भाड्याने आणायचं आणि झुंझार किंवा काळापहाड भूगोलाच्या पुस्तकात दडवून संपवायचा. आमच्या वर्गातले निम्मे तरी हेच करत. त्यातलं कुणीही लेखक झालं नाही.

मी तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर होतो. सकाळची पाळी करून आलो होतो, दुपारची झोप झाली होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा ओरडा. पुढचं सांगत नाही.

पोलीस आल्यावर चाळ कशी ओस पडते ते पाहण्यासारखं असतं. दोन मिनिटांपूर्वी अंगणात दीडशे माणसं होती. हवालदारांनी "पंच कोण होतंय?" असं विचारताच कुणाचं दूध उतू चाललं, कुणाला पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं आठवलं. पंच झालं की पुढे कोर्टाच्या खेपा, हे सगळ्यांना ठाऊक. मी जिन्यात सापडलो. "कंडक्टर ना तुम्ही? सरकारी माणूस. या." बेस्ट सरकारी नाही, महापालिकेची आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती.

आयुष्यातला पहिला पंचनामा मी त्या रात्री पाहिला. माझा समज असा होता की पोलीस येतात, बघतात आणि काहीतरी ओळखतात. प्रत्यक्षात ते लिहितात. दोन तास नुसते लिहितात. "आम्ही खाली सह्या करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून लिहून देतो की…" इथून सुरुवात. मग जागेची चतुःसीमा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. वर जाऊन कठड्याची उंची टेपने मोजली. वरची पट्टी कुजलेली, दोन गज निखळलेले, हे लिहिलं. मयत कुठे, डोकं कोणत्या दिशेला, डोळे अर्धवट उघडे, तोंड मिटलेलं. अंगात पांढरा सदरा, निळ्या पट्ट्यांचा लेंगा, पायात काही नाही. एक चप्पल वर गॅलरीत, दुसरी जिन्याच्या पत्र्यावर. हवालदारांचं अक्षर सुरेख होतं. बोलता बोलता पेन थांबायचं, ते एकदा मयताकडे बघायचे आणि पुन्हा लिहायला लागायचे. त्यांनी अमुक "असावं" असं एकदाही लिहिलं नाही.

शेवटी खिसा. सुटे पैसे निघाले आणि बेस्टचं एक तिकीट.

आता ज्यांनी ती कागदी तिकिटं हाताळलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोटभर लांबीचा पातळ कागद, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा, वर अनुक्रमांक, कडेला टप्प्यांचे आकडे. कंडक्टर तिकीट टोचायच्या पंचने त्या आकड्यावर भोक पाडायचा. प्रवाशाला तो कागदाचा कपटा वाटायचा, पण आम्हाला तो वाचता यायचा. शिवाय प्रत्येक कंडक्टरकडे वेबिल असायचं, त्यात टप्प्याटप्प्याला तिकिटांचे नंबर भरावे लागायचे. म्हणजे नुसता नंबर घेऊन डेपोत गेलं तर गाडी कोणती, फेरी कोणती आणि माणूस साधारण किती वाजता कुठे चढला, एवढं सगळं निघायचं.

गृहस्थ फोर्टात नोकरीला. घरच्यांनी जबाबात सांगितलं, सहाला ऑफिसातून आले, चहा घेतला, गॅलरीत उभे होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर हवालदारांच्या चिमटीत जे तिकीट होतं त्याचा रंगच जुळत नव्हता. फोर्टहून गिरगावात यायला एवढं तिकीट लागत नाही. हा माणूस लांबून आला होता.

मी हळूच सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कंडक्टर, गज कुजलेत. माणूस टेकला, गज गेले. तो परळहून आला काय नि पुण्याहून आला काय." आणि लिहिलं: एक बस तिकीट, वापरलेले.

अपमृत्यूची नोंद झाली, ती तशीच मिटली. माझ्या डोक्यातून मात्र ते तिकीट जाईना.

पुढच्या दीड वर्षात मी ती कथा चार वेळा लिहिली. डेपोत गाडी लागायला वेळ असला की टाइमकीपरच्या केबिनमागे बाकड्यावर बसून, रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर. (बेस्टने माफ करावं.) गुन्हा शोधणारा माणूस पोलीस नको होता, कारण पोलिसांचं काम मला माहीत नव्हतं. खाजगी गुप्तहेरही नको, कारण गिरगावात मी तरी कुणी खाजगी गुप्तहेर बघितला नव्हता. म्हणून एक निवृत्त तिकीट तपासनीस घेतला. आयुष्यभर लोकांच्या हातातल्या चिटोऱ्यांकडे संशयाने बघितलेला माणूस. तो मयताच्या खिशातल्या तिकिटाचा नंबर घेऊन डेपोत जातो, वेबिल काढतो, टप्पा शोधतो आणि त्या टप्प्यावर त्याला मयताचं दुसरं बिऱ्हाड सापडतं. मग धाकट्या भावाचा हेतू, कठड्याला आधीच लावलेली करवत वगैरे. चाळ मी गिरगावातून उचलून परळला नेली, नावं बदलली, ऑफिस फोर्टातून बॅलार्ड पिअरला. ओळख पुसली असं मला वाटलं.

कथा दिवाळी अंकाकडे पाठवली. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली तिचे माझ्यासारख्यावर फार उपकार आहेत. एरवी दारात उभं न करणारे संपादकही वर्षातून एकदा पानं भरायला माणसं शोधत असतात. संपादकांचं कार्ड आलं: "कथा घेत आहोत. पहिली अडीच पानं काढली आहेत. तिकिटापासून सुरुवात करा, पाऊस नंतर पडू दे." त्या अडीच पानांत नुसता पाऊस होता. पुढे अनेक संपादक भेटले, पण लेखनाचा एवढा उपयोगी सल्ला पोस्टकार्डावर पुन्हा मिळाला नाही. मनीऑर्डरने ५१ रुपये आले. आईने ते देवापुढे ठेवले आणि संध्याकाळी त्यातूनच भाजी आणली.

कथा छापून आल्यावर चाळीत कुणी काही बोललं नाही. त्या घरातूनही नाही. कुणी वाचली नसेल असं मी धरून चाललो. सोयीचं होतं ते.

मग एका प्रकाशकाने बोलावलं. दर महिन्याला एक छोटी कादंबरी. बोलणी कथेची नव्हती, फॉर्मांची होती. सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्मांची कादंबरी, म्हणजे १२८ पानं. त्यात दोन पानं जाहिरातींची. १२९व्या पानासाठी आणखी एक फॉर्म छापावा लागतो आणि तो खर्च प्रकाशक करणार नाही, तेव्हा खुनी १२६व्या पानाच्या आत सापडलाच पाहिजे. माझ्या एका कादंबरीत तपासनीस शंभराव्या पानापर्यंत रमतगमत चौकशी करतो आणि शेवटच्या वीस पानांत धावत सुटतो. एका समीक्षकाने त्याला "उत्तरार्धातील वेगवान शैली" म्हटलं होतं. ती शैली नव्हती, कागदाचा भाव होता.

अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजारापुढचाच. हे आकडे मी पूर्वी कौतुकाने ऐकायचो. महिन्याला एक याप्रमाणे दोन वर्षं काढल्यावर मला त्या आकड्यांची भीती वाटायला लागली. पाळी संपवून आलो की रात्री दहा ते एक लिहायचं, सकाळी चारला उठून डेपो. बायको म्हणायची, "अहो, झोपेत कुणाला तरी 'पुढे चला, पुढे चला' म्हणत होतात. बसमधल्या लोकांना की पोलिसांना?" साडेसहा वर्षांत एकतीस कादंबऱ्या झाल्या. बऱ्या म्हणाव्यात अशा चार.

त्या काळात मला खरं शिकवलं ते पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी. एकदा माझ्याच गाडीत चढले. "काय कंडक्टर, अजून तिकिटं वाचता का?" त्यांनी कथा वाचली होती. नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचे. पुढे मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो, 'साहेब'चे 'काका' झाले. एकेक हस्तलिखित घेऊन जायचं आणि त्यांनी ते फाडायचं.

माझ्या सगळ्या कादंबऱ्या एकाच पद्धतीने संपायच्या. सगळ्यांना एका खोलीत जमवायचं, तपासनीस बोलत सुटायचा, इन्स्पेक्टर दाराशी उभा आणि शेवटी खुनी कोसळून "होय, मीच मारलं!" म्हणायचा. काकांनी ते पान वाचलं आणि चष्मा काढला.

"पुढे?"

"पुढे काय? संपलं. कबुली दिली ना."

"पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही रे बाबा. पुराव्याचा कायदा, कलम २५. हा तुझा खुनी उद्या वकील लावून हसत घरी जाईल."

"मग तुम्ही गुन्हे शाबीत कसे करता?"

"तो काय बोलला याला किंमत नाही. त्याने काय काढून दिलं ते सांग. सत्तावीस."

मग त्यांनी मला कलम २७ समजावलं. आरोपी म्हणाला, "सुरा मी अमुक ठिकाणी लपवलाय, काढून देतो", ते पंचांसमोर लिहून घ्यायचं. मग आरोपी पुढे, पंच आणि पोलीस मागे, आणि त्या जागेवरून वस्तू खरोखर निघाली, तर त्याच्या बोलण्याचा तेवढाच भाग पुरावा म्हणून चालतो. माझं सगळं डोकंच फिरलं. तोवर माझी प्रत्येक कथा बोलण्यावर संपत होती. आता ती चालण्यावर संपायला लागली: खुनी पुढे चालतोय, मागे दोन कंटाळलेले पंच, आणि वाचकाला माहीत नाही की तो वळणार कुठे. शेवटचा प्रसंग खोलीतून रस्त्यावर आला आणि मुंबई माझ्या कथेत पहिल्यांदा नीट शिरली. कुठल्या गटारावरची लादी हलते, कुठल्या गोदीच्या भिंतीला भगदाड आहे, हे मला पंधरा वर्षं गाडीच्या दारात उभं राहून पाठ होतं.

पहिल्या महायुद्धात अगाथा ख्रिस्ती हॉस्पिटलच्या औषधखात्यात काम करत होती, विषं तिथे शिकली, असं पुढे वाचलं. मला विषातलं काही कळत नाही. प्रयत्न केला होता एकदा. तपासनीसाला दुसऱ्या दिवशी सकाळी विषाचा रिपोर्ट मिळतो, असं लिहिलं. काका इतके हसले की आतून काकू आल्या. "व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, राखून ठेवतात, मग तो कलिन्याला प्रयोगशाळेत जातो, मग तुम्ही वाट बघता. तुझ्या तपासनीसाची पेन्शन सुरू होईल तोवर." तपासनीस आधीच निवृत्त होता, पण मुद्दा कळला. त्यानंतर माझ्या कथेत कुणी विषाने मेलं नाही.

वाचकांनी पकडलेल्या चुका मी एका वहीत उतरवून ठेवतो. पहिल्या पानावर तारीख आहे १९८९. या वहीइतकं मला कुठल्याही पुरस्काराने जमिनीवर ठेवलं नाही (पुरस्कार एकच, तोही वाचनालयाचा). काही नमुने देतो.

२००३ साली आलेल्या कादंबरीत मी एका मृत्यूची चौकशी कोरोनरकडे पाठवली. १८७१च्या कायद्याने मुंबई शहरात कोरोनर होता, संशयास्पद मृत्यू त्याच्याकडे जायचे, आणि १९८४ साली आमच्या चाळीतलं प्रकरणही तिथूनच गेलं होतं. माझ्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. एका निवृत्त डॉक्टरांचं पत्र आलं: हे पद १९९९ मध्येच बंद झालं, आपला कोरोनर गेली चार वर्षं बिनपगारी काम करत आहे. त्याच डॉक्टरांनी पुढे मे महिन्यातल्या प्रेताबद्दलही झापलं. मी इंग्रजी पुस्तकातून उचललं होतं की अंग थंड पडलंय, म्हणजे मृत्यूला इतके तास झाले. "अहो, मे महिन्यात मुंबईत बंद खोलीत हवाच तेहतीस-चौतीस अंश असते. तिथे प्रेत थंड होणार कशाने? लंडनचं प्रेत दादरला आणू नका." हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

पण सगळ्यात मोठी फजिती मेगाब्लॉकची. एका कादंबरीत आरोपीचा बचाव असा, की खून झाला तेव्हा मी ठाण्याला होतो. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला दादरहून फास्ट पकडली, अर्ध्या तासात ठाणे, तिथे चारजणांनी बघितलंय. तपासनीस हा बचाव मोडायला चाळीस पानं घेतो. साक्षीदार फोडतो, पास तपासतो, प्लॅटफॉर्मवरच्या बूटपॉलिशवाल्याला गाठतो. मला त्या चाळीस पानांचा फार अभिमान होता. मुलुंडहून एका बाईंचं कार्ड आलं. चार ओळींचं. "रविवारी त्या वेळेला माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो. फास्ट गाड्या स्लोवरून येतात. अर्ध्या तासात ठाणे शक्यच नाही, आम्ही दर रविवारी भोगतो. तुमच्या साहेबांनी शनिवारचा पेपर वाचला असता तर आरोपी पहिल्याच पानावर सापडला असता." मी मुंबईत जन्मलेला, वाहतुकीच्या नोकरीत केस पांढरे केलेला माणूस! पण माझी वाहतूक रस्त्यावरची. रेल्वेने जायची वेळ मला कमीच यायची. पुढच्या आवृत्तीत रविवारचा मंगळवार केला. आवृत्ती निघायला सहा वर्षं लागली, तोवर अकराशे प्रतींत तो रविवार तसाच.

मधला काळ पटकन सांगून टाकतो. केबल आली, घरोघरी रोज संध्याकाळी खून फुकट दिसायला लागले, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या एकेक करून झेरॉक्सची आणि मग मोबाइल रिचार्जची दुकानं झाल्या. आमच्या नाक्यावरची गेली तेव्हा मालकांनी मला माझीच सतरा पुस्तकं किलोच्या भावाने देऊ केली. घेतली. १९९७ नंतर पाच वर्षं मी काही लिहिलं नाही. नोकरीत स्टार्टर झालो, गाड्या सोडायच्या आणि वेळा लिहायच्या. हातात पंचऐवजी मशीन आलेले नवे कंडक्टर बघून वाटायचं, आता मयताच्या खिशातलं तिकीट कसं वाचायचं?

२०१६ला निवृत्त झालो. दोनतीन वर्षांनी फोन आला, जुन्या कादंबऱ्या ऑडिओवर करायच्या आहेत, हक्क कुणाकडे? मला वाटलं माझ्याकडेच. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पावत्या सापडल्या. महसुली तिकिटावर माझी सही आणि वर प्रकाशकाच्या हाताने: "सदर कादंबरीचे सर्व हक्क कायमस्वरूपी, एकरकमी मोबदला पोचला." एकतीसपैकी अठ्ठावीस वेळा मी ही सही केली होती. त्या वयात आपण काय विकतोय ते बघत नाही, छापतायत ना, एवढंच बघतो.

भाचा वकील आहे. त्याने त्या पावत्या तासभर वाचल्या. कॉपीराइटच्या कायद्यात १९९५च्या मे महिन्यापासून लागू झालेली एक दुरुस्ती आहे: हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरायची. "मग सुटलो!" मी म्हणालो. "नाही मामा. ही तरतूद त्या तारखेच्या आधीच्या करारांना लागू नाही. आणि तुमच्या पावत्यांवर तर 'कायमस्वरूपी' लिहिलंय." म्हणजे अठ्ठावीस गेल्याच. शेवटच्या तीन १९९६-९७च्या, आणि नशिबाने त्या वेळी प्रकाशकाच्या जागी त्यांचा मुलगा बसायला लागला होता, तो आळशी, त्याने मुदतीचा शब्दच लिहिला नव्हता. त्या तीन माझ्या ठरल्या. पुढच्या पिढीच्या आळसाला मी कधीही नावं ठेवत नाही.

ऐकण्यासाठी लिहिणं हे वेगळंच प्रकरण निघालं. छापलेल्या पुस्तकात वाचक मागे जाऊन बघू शकतो, "अरे, हे आधी सांगितलं होतं का?" कानाने ऐकणारा भांडी घासत असतो, गाडीत लटकत असतो. त्याला दुवा एकदा सांगून भागत नाही. आणि दोनदा सांगितला तर तो सावध होतो. यावर मी शोधलेला उपाय असा: दुवा पहिल्यांदा भांडणात सांगायचा आणि दुसऱ्यांदा विनोदात. भांडणातला लक्षात राहतो, विनोदातला संशय येऊ देत नाही. सगळ्यांना जमेल असं नाही, मलाही दरवेळी जमत नाही. शिवाय वाचणारा मुलगा नाशिकचा, त्याने "वेबिल" हा शब्द दर वेळी "वेब-बिल" असा वाचला. स्टुडिओत बसून मी त्याला तो शब्द म्हणून दाखवला. तो म्हणाला, "सर, म्हणजे नक्की काय असतं हे?" त्याला सांगण्यात अर्धा तास गेला, आणि तेवढ्याचं स्टुडिओचं भाडं कुणी भरलं ते मला माहीत नाही.

अलीकडची नोंद सांगायची तर, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं ३०२ जाऊन १०३ झालं. मी नव्या कथेत इमानदारीत १०३ घातलं. काका आता पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, मला मोठ्याने वाचावं लागतं. १०३ ऐकल्यावर म्हणाले, "कागदावर १०३ लिही. पण तुझ्या हवालदाराच्या तोंडात ३०२च असू दे. पंचवीस वर्षं तरी त्याच्या जिभेवरून जाणार नाही." तसंच ठेवलं. अजून कुणाचं पत्र आलेलं नाही.

वहीत एक नोंद मात्र मी अजून केलेली नाही.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, जो तो माळे उपसत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्याच घरातल्या, आता ऐंशीच्या जवळ. मुलगा ठाण्याला घेऊन चालला होता. त्यांची ट्रंक खाली न्यायला मी आणि शेजारचा मुलगा वर गेलो. त्यांनी मुलाला पाणी आणायला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "बस जरा. तुझी ती तिकिटाची गोष्ट मी वाचली होती."

चाळीस वर्षांनी! मला काय बोलावं सुचेना.

"तिकीट माझं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी शिवडीला बहिणीकडे गेले होते. तिचं बाळंतपण होतं. परत आले, हातात ओली छत्री, पिशवी. सुटे पैसे नि तिकीट खुंटीवरच्या यांच्या सदऱ्यात टाकलं नि स्वयंपाकाला लागले. हे आले, कपडे बदलले, तोच सदरा घातला."

मी गप्प.

"ऑफिसला काय सदरा-लेंगा घालून जायचे रे ते?"

पंचनाम्यावर माझी सही आहे. अंगात पांढरा सदरा, निळ्या पट्ट्यांचा लेंगा. मी समक्ष हजर राहून लिहून दिलं होतं. माझ्या छापलेल्या कथेतही मयताच्या अंगात सदरा-लेंगाच आहे, आणि बॅलार्ड पिअरच्या ऑफिसातून येताना कापलेलं तिकीट त्याच्याच खिशात निघतं. संपादकाने ते पकडलं नाही, डॉक्टरांनी नाही, मुलुंडच्या बाईंनी नाही, काकांनीही नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू त्यांना दुसरं बिऱ्हाड लावून दिलंस. दोन रात्री मी तेच धरून बसले. खरंच असेल का म्हणून. मग तिसऱ्या दिवशी तिकिटाचं आठवलं." त्या थोडं हसल्या की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. "भाऊजींशी मात्र वर्षभर नीट बोलले नाही. करवत मनातून जाईना."

मुलगा पाणी घेऊन आला. आम्ही ट्रंक उचलली. जिन्याच्या वळणावर काकूंनी वरून हाक मारली, "अरे, वहिनीला सांग, तिची पितळेची परात माझ्याकडेच राहिलीय. ट्रंकेत तळाशी आहे, आत्ताच काढून घे, नाहीतर जाईल ठाण्याला."

जिन्यातच ट्रंक उतरवून आम्ही परात शोधायला लागलो.